उसना पूर्वज

आळ्याच्या सावळेराम गुरुजींना आपला पूर्वज सापडला तो एका रविवारी सकाळी, पोह्यांची बशी मांडीवर असताना. आणि त्या पूर्वजाने पुढे घरात जो धुमाकूळ घातला तो पाहता आपण बशीकडेच लक्ष दिले असते तर बरे झाले असते, असे गुरुजी स्वतःच सांगत असत.

गुरुजींचे आडनाव खुरपे. घराणे शेतकऱ्याचे, खाऊनपिऊन सुखी. वडील गेणू खुरपे यांनी थोरल्या मुलाचे ध्यान औतात नाही हे वेळीच ओळखले आणि त्याला वाईला पाठशाळेत धाडले. तेथे तो काव्य शिकला, न्याय शिकला, आणि परत येऊन जुन्नरच्या एका विद्यालयात संस्कृत शिकवता शिकवता निवृत्त झाला. जन्मभर शब्द चालवून त्यांच्या बोलण्याला अशी काही घडी पडली होती, की बाजारात कोथिंबिरीची जुडी मागतानाही ते संकल्प सोडल्यासारखे मागत. एवढ्या विद्येला 'खुरपे' हे आडनाव शोभत नाही, असे त्यांना आतून वाटे. हे त्यांनी कोणालाही सांगितले नव्हते. बयाबाईंना ठाऊक होते. पण बयाबाई म्हणजे 'कोणी' नव्हत्या, त्या पत्नी होत्या.

ते साल दोन हजार तीन. जुन्नरच्या चांदभाईंनी गुरुजींच्या घरी रंगीत टीव्ही आणून बसवला होता आणि धाब्यावर छत्री उभारून दिली होती. एका मराठी वाहिनीवर दर रविवारी 'वंशवेल' नावाचा कार्यक्रम लागे. एखादा नट, एखादी गायिका, एखादे निवृत्त सेनाधिकारी यांना त्यांच्या मूळ गावी नेत. फेटा बांधलेला निवेदक त्यांना पडकी भिंत, बुजलेला आड, नाहीतर शेंदूर फासलेला दगड दाखवी; मागे सनई सुरू होई; आणि पाहुणा डोळे टिपून म्हणे, "आज मला कळलं, मी कोण आहे." गुरुजींचा घास हातातच राही. सत्तरी आली तरी आपण कोण हे आपल्याला कळलेले नाही, अशी हुरहुर त्यांना लागे. वस्तुतः हाच प्रश्न उपनिषदांनी त्यांना तरुणपणीच विचारला होता. परंतु तेव्हा मागे सनई नव्हती.

याच दिवसांत नात प्राची हिचे लग्न ठरले. मुलगा लोणीचा, लोंढ्यांचा ऋषी. चाकणला कारखान्यात नोकरी, घरी कांद्याची शेती. मंचरच्या महाविद्यालयात दोघांची ओळख झालेली. मुलांनी एकमेकांना पसंत केले होते आणि वडीलधाऱ्यांना ते आपणच पसंत केले असे वाटेल इतपत शहाणपणाने घरी सांगितले होते. बोलणी करायला ऋषीचे आजोबा भागू अण्णा लोंढे चार माणसे घेऊन आळ्याला आले. आले ते नेमके रविवारी सकाळी, आणि तेथेच घात झाला.

कारण त्या सकाळी 'वंशवेल'मध्ये रायधार कुळातला एक नट आपल्या गावच्या वीरगळापुढे उभा होता. रणात पडलेल्या वीराच्या नावाने गावाबाहेर जो कोरीव दगड उभा करतात, तो वीरगळ. निवेदक सांगत होता, "घोड्यावरचा हा स्वार, हातात उगारलेली तलवार! हीच रायधारांची खूण." गुरुजींनी पाहुण्यांना नमस्कार केला, आसन दिले, आणि त्यांच्यामध्येच बसून डोळे पडद्याला लावले.

पाठीमागे भागू अण्णांनी रीतीप्रमाणे विचारले, "देवक काय तुमचं, वैनी?"

"कळंब," बयाबाई पदर सावरत म्हणाल्या. "तुमचं?"

"आमचं तलवारीची धार. मंग काय, जमलं की."

देवक म्हणजे लग्नाच्या मांडवात ज्याची स्थापना करायची ते कुळाचे चिन्ह. कोणाचे झाड, कोणाचे पीस, कोणाचे शस्त्र. एका देवकाची माणसे रक्ताची भाऊबंद मानायची. त्यांच्यात सोयरीक करायची नाही. येथे कळंब आणि तलवार, दोन्ही निराळी. म्हणजे वाट मोकळी. साखर वाटली गेली. "काय पावणं, बरोबर ना?" असे भागू अण्णांनी विचारले तेव्हा गुरुजी म्हणाले, "निःसंशय." ते त्यांनी निवेदकाला उद्देशून म्हटले होते.

त्याच दुपारी गुरुजी छत्री घेऊन ओढ्याकडे गेले. ओढ्याकाठी बाभळीखाली एक दगड जन्मापासून त्यांच्या पाहण्यातला होता. म्हशी त्यावर पाठ खाजवीत. अवसेला कोणीतरी तेल ओती. गुरुजींनी उपरण्याने त्यावरचे शेण पुसले. खाली घोड्यावर स्वार. मध्ये अप्सरा त्याला हाती धरून स्वर्गी नेत आहेत. वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसला आहे. आणि स्वाराच्या हातात उगारलेली तलवार! गुरुजींना गहिवरून आले. मागे सनई नव्हती. पण ओढ्यापलीकडे कोणाचे तरी पाण्याचे इंजिन चालू होते, तेवढ्यावर त्यांनी भागवले.

आता विचार करावा, की जेथे धूर तेथे अग्नी हे अनुमान तपासून घ्यायला ज्याने मुलांना शिकवले, त्याने एवढे तरी विचारायला हवे होते, की वीरगळावरचा कोणता वीर तलवार खाली ठेवून लढतो? जुन्नरपासून घोडेगावापर्यंत जितके वीरगळ उभे आहेत त्या सर्वांच्या हातात तलवार उगारलेलीच आहे. या हिशेबाने अर्धा तालुका रायधार ठरता. पण शास्त्र दुसऱ्याला शिकवण्यासाठी असते, आणि पूर्वज स्वतःचा असतो.

तेथून पुढे पुराव्यांना काय तोटा? दगड खुरप्यांच्या मळ्याच्या बांधालगत. म्हणून तो खुरप्यांचा. 'खुरपे' हा शब्द संस्कृत 'क्षुरप्र' यापासून. क्षुरप्र म्हणजे अर्धचंद्र पात्याचा बाण. म्हणून खुरपे हे धनुर्धर. स्वाराच्या हातात धनुष्य दिसत नाही, या आक्षेपावर गुरुजींचे उत्तर तयार होते: बाण संपल्यावर माणूस तलवारच उपसणार.

टीव्हीची छत्री वाऱ्याने फिरली म्हणून नीट करायला आलेले चांदभाई हे सारे ऐकत धाब्यावर उभे होते. शिडीवरून उतरताना ते म्हणाले, "गुरुजी, आमचे आजे जुन्नरला कागद बनवायचे. त्यांच्या आधीचे काय बनवायचे, अल्ला जाने. तुमचं बरं हाय राव, एकदम घोड्यावरच."

"चांदभाई, आपणही शोध घ्यावा."

"नको. सापडला एखादा, तर त्याला घोडा कुठून आणू?"

गुरुजींनी वाहिनीला सविस्तर पत्र लिहिले. त्याचे उत्तर आले नाही. परंतु दैव अनुकूल असले की दुसऱ्याचा घसासुद्धा आपल्या कामी येतो. जुन्नरला चित्रण करायला आलेल्या एका गायिकेचा आवाज प्रवासात बसला. मंडळींचा दिवस मोकळा पडला. आणि कोणाला तरी आळ्याच्या त्या लांबलचक पत्राची आठवण झाली. हे कारण गुरुजींना फार पुढे कळले. त्या दिवशी त्यांना एवढेच दिसले, की दारात गाडी उभी आहे आणि फेटा बांधलेला निवेदक आपल्या पायांना हात लावतो आहे.

बांधालगतच्या त्या दगडापुढे गुरुजी कोरे धोतर नेसून उभे राहिले. बयाबाईंना डोईवर पदर घेऊन मागे उभे केले होते. गावची पोरेटोरे म्हशी हाकलून लावत होती. आणि गुरुजी बोलले. क्षुरप्र बोलले, अप्सरा बोलले, आठशे वर्षांपूर्वीचे रायधार बोलले, आणि शेवटी आवाज किंचित कापरा करून म्हणाले, "आमच्या घरी अज्ञानाने कळंबाचे देवक पूजले जाते. आज मी जाहीर करतो, की आमचे खरे देवक खड्गाची धार."

बयाबाईंनी मागून त्यांच्या उपरण्याला हिसका दिला. तो चित्रणात आला. वाऱ्याने उपरणे हलले, असे पाहणाऱ्यांना वाटले.

तो भाग लागला त्या रविवारी गावात शुकशुकाट होता. सोमवारपासून गुरुजींना चौकातून जाणे कठीण झाले. "सरदार, रामराम." "सरदार, घोडं कुठं बांधलं?" मुलगा सयाजी, म्हणजे प्राचीचा बाप, वांग्यांचे क्रेट घेऊन आळेफाट्याला गेला तर व्यापारी म्हणाला, "तलवारीनं तोडली का राव वांगी? देठ लई बारीक ठिवलेत." सयाजी घरी येऊन बापाशी बोलला नाही. पण गुरुजींना टोमणासुद्धा बिरुदासारखा गोड लागत होता. कीर्ती आंधळी असते म्हणतात; ती बहिरीही असते.

बुधवारी दुपारी भागू अण्णा लोणीहून आले. मोटारसायकलवर मागे बसून, मांडीवर शाल आणि नारळ. अंगणात पाय ठेवताच त्यांनी गुरुजींना कडकडून मिठी मारली.

"दादा," ते म्हणाले.

गुरुजींना भरून आले. नंतर त्यांच्या लक्षात आले, की या माणसाने आजवर आपल्याला 'पावणं' म्हटले आहे.

"टीव्हीवर ऐकलं अन् म्या न्याहारी सोडून उठलो," भागू अण्णा सांगू लागले. "आवो, आमीबी रायधार. लोंढे ह्ये मागाहून पडलेलं नाव. आमच्या आज्याला भाटानं सांगितलं व्हतं, आपल्या भावकीची एक पाती जुन्नराकडं गेली ती गावली न्हाई. ती तुमी. तुमचंबी देवक धार, आमचंबी धार. भाऊ घावला, दादा."

त्यांनी शाल पांघरली, नारळ हाती दिला. गुरुजी म्हणाले, "धन्योऽस्मि." स्वयंपाकघराच्या दारातून बयाबाई म्हणाल्या, "अन् लग्न?"

भागू अण्णा खाटेवर बसले. त्यांचा चेहरा उतरला; आणि तो मनापासून उतरला होता. "त्येच तर, वैनी. भावाची नात घरात सून म्हणून कशी आणायची? मोडलं म्हणायचं. पोरगी लई गुणाची व्हती."

गुरुजींच्या खांद्यावर शाल होती आणि बाहेर उन्हाळा होता. त्यांना एकाएकी घाम फुटला.

"परंतु बोलण्यांच्या दिवशी तर देवके भिन्न होती," ते म्हणाले.

"तवा तुमी अज्ञानात व्हता," भागू अण्णा नम्रपणे म्हणाले. "तुमीच सांगितलं की टीव्हीवर."

त्यांनी येतानाच एक तोडगा शोधून आणला होता. मुलीला तिच्या मामाच्या मांडीवर द्यायचे, म्हणजे विधिपूर्वक दत्तक. मग तिचे कूळ मामाचे, देवक मामाचे. कन्यादान मामा करील, पत्रिकेत नाव मामाचे छापले जाईल. खुरप्यांनी लग्नाला यायला हरकत नव्हती. मात्र नवऱ्याकडचे भाऊबंद म्हणून यायचे. "तुमाला मानाचा फेटा बांधू, दादा," असे सांगून आणि चहा घेऊन ते गेले.

संध्याकाळी प्राची कॉलेजातून आली. आजीने तिला सांगितले. ती रडेल म्हणून गुरुजी देवघरात जाऊन बसले होते. ती रडली नाही, दाराशी येऊन उभी राहिली.

"आजोबा, तुम्ही आठशे वर्षांपूर्वीचा माणूस घरात आणलात आणि पुढच्या महिन्यातला घालवलात."

"प्राची, बाळ, शास्त्राने एक मार्ग—"

"मामाच्या मांडीवर बसायचं. ऐकलं मी. म्हणजे तुम्ही त्या दगडाचे नातू राहणार आणि मी तुमची नात राहणार नाही. असंच ना?"

उत्तर देण्यासाठी गुरुजींच्या मनात अनेक वचने आली. एकही प्रसंगाला लागू पडेना. ती निघून गेल्यावर बयाबाई दिव्यात तेल घालायला आल्या.

"आजवर म्या तुमच्या एका शब्दाला आडवी आले न्हाई," त्या म्हणाल्या, "म्हंजी आले, पर तुमाला कळलं न्हाई. आता कळंल असं सांगते. पोरीचं कन्यादान ह्या घरातून व्हईल. तुमच्या सरदाराला काय सांगायचं ते तुमी सांगा."

दुसऱ्या दिवशी उभयता एसटीने लोणीला निघाली. वाटेत गुरुजींनी आपल्या प्रत्येक पुराव्याचे खंडन मनात रचले. आपलेच मत खोडताना त्यांना असे आढळले, की ते खोडायला मांडण्याहून पुष्कळच सोपे आहे. आणि हे सुखाचे मुळीच नव्हते.

लोंढ्यांच्या ओसरीवर भाऊबंद जमले. गुरुजींनी आरंभ केला. तलवार प्रत्येक वीरगळावर असते, म्हणून ती रायधारांची खूण ठरत नाही. भागू अण्णा हसले.

"ऐकलं का रं," ते भाऊबंदांना म्हणाले, "मोठी माणसं अशी असत्यात. स्वतःचा मोठेपणा झाकत्यात."

"झाकत नाही. दगड बांधालगत आहे, एवढ्यावरून तो आमचा होत नाही. बांध माझ्या आजोबांनी सरकवला असेल."

"सरदाराचा बांध, दादा. त्यो सरकणारच."

"आणि खुरपे म्हणजे गवत काढण्याचे खुरपेच. बाणाची जोड मी लावली."

"तुमी लावली न्हाई, संस्कृतात हाय ते. तुमीच म्हणला. संस्कृत का खोटं बोलंल?" भागू अण्णांनी तो सबंध भाग, पुन्हा दाखवला तेव्हाचा धरून, दोनदा पाहिला होता. गुरुजींचा एकेक मुद्दा त्यांना मुखोद्गत होता आणि प्रत्येक मुद्द्याचे ते गुरुजींच्याच शब्दांत समर्थन करीत होते. जन्मात इतका एकनिष्ठ शिष्य गुरुजींना लाभला नव्हता. आणि तो लाभला तो अशा वेळी.

शेवटी लोंढ्यांपैकी जानकू नावाचा एक म्हातारा तंबाखू मळत म्हणाला, "वाद कशाला? बेलभंडार उचला. रायधार न्हाई म्हणून देवापुढं सांगा. मग आमी कोण इचारणार?"

खंडोबापुढचा बेल आणि भंडारा ओंजळीत घेऊन बोलायचे ते खोटे बोलायचे नाही, ही या प्रांतातली शेवटची कचेरी. तिच्यावर अपील नाही. लोंढ्यांच्या देवघरापुढे गुरुजी बसले. ओंजळीत बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा आला. सारी ओसरी मागे उभी राहिली. 'आम्ही रायधार नाही' एवढे तीन शब्द. नातीचे लग्न त्यांच्यावर टेकलेले.

आणि गुरुजींची जीभ अडली.

लोभाने नव्हे, लोभ आदल्या दिवशीच देवघराच्या दारात गळून पडला होता. अडली ती शिक्षणाने. रायधार आहोत हे जसे ठाऊक नाही, तसे नाही आहोत हेही कोठे ठाऊक आहे? टीव्हीपुढे आठशे वर्षे एका श्वासात बोलून गेलेल्या माणसाला देवापुढे तीन शब्द बोलवेनात. बयाबाई मागे होत्या. त्यांचा श्वास गुरुजींना ऐकू येत होता.

"हे मल्हारी," गुरुजी शेवटी सावकाश म्हणाले, "माझे वडील गेणू. त्यांचे वडील हरी. त्यांचे वडील येसू. श्राद्धाला शास्त्र एवढीच तीन नावे मागते आणि एवढीच मला ठाऊक आहेत. त्यांच्या पलीकडे आम्ही कोण होतो ते मला ठाऊक नाही. टीव्हीवर बोललो तेव्हाही ठाऊक नव्हते."

जानकूचे तंबाखूची चिमूट ओठाखाली ठेवायचे राहून गेले.

"ठाऊक न्हाई, ह्ये काय उत्तर झालं, दादा?" भागू अण्णा म्हणाले. "न्हाई म्हणा, न्हाईतर हाय म्हणा."

"अण्णा, देवापुढे आहे. ठाऊक आहे तेवढेच म्हणता येते." गुरुजींनी ओंजळ पुढे केली. "आता आपण उचलावा. आपण रायधार आहात, एवढे सांगावे. आपण आहात असे ठरले तर मी आपला शब्द प्रमाण मानीन."

यात डाव नव्हता. गुरुजींना खरोखरच वाटले, की या घरी तरी कोणाला काही ठाऊक असेल. भागू अण्णा पुढे झाले, बसले, हात पुढे केला. बेलापर्यंत येऊन तो थांबला.

"आमच्या आज्याला भाटानं..." ते म्हणाले.

"भाटाला कुणी सांगितलं व्हतं?" मागून जानकूने विचारले.

"त्येच्या आज्यानं असंल."

"मंग त्येच्या आज्याला बोलाव उचलायला."

ओसरी हसली. भागू अण्णा हसले नाहीत. भंडाऱ्याकडे पाहत हात मागे घेऊन त्यांनी तो धोतराला पुसला, जणू काही लागले होते.

"बापाचं, आज्याचं सांगंन," ते हळू म्हणाले. "त्येच्या म्होरलं मलाबी न्हाई सांगता येणार."

बयाबाई प्रथमच बोलल्या. "मंग झालं तर. आमच्या मांडवात सासू-आजेसासूपासून कळंब पुजला. तुमच्यात तलवार पुजली. पुजलं त्ये खरं का टीव्हीत सांगितलं त्ये खरं?"

भागू अण्णांनी गुरुजींकडे पाहिले. गुरुजींनी खाली पाहिले. आतून सुनेने चहाचे कप आणले, आणि कप घेताना भागू अण्णा म्हणाले, "घ्या पावणं."

त्या एका शब्दाने गुरुजींचा पूर्वज गेला आणि नात परत आली.

लग्न ठरल्या मुहूर्तावर आळ्यालाच झाले. आदल्या सकाळी सयाजी आणि त्याची बायको, दोघांच्या पदराला गाठ मारून, मारुतीच्या देवळातून वाजतगाजत कळंबाची डहाळी घेऊन आली. मांडवात भटजींनी नांदीश्राद्ध मांडले. मंगलकार्याआधी पितरांना बोलावून आशीर्वाद मागायचा हा विधी. सयाजी पाटावर बसला. वडील हयात असल्यामुळे वडिलांच्याच पितरांची नावे घ्यायची, हे भटजींनी न विचारताच गुरुजींनी त्यांना सांगितले. भटजींनी ते ऐकून घेतले. लग्नघरात एवढे ऐकून घ्यावेच लागते.

"या विधीत आधी मातृत्रयी," भटजी म्हणाले. "गुरुजी, मातोश्रींचे नाव?"

"पार्वती."

"पितामही?"

"अंजना."

"प्रपितामही?"

गुरुजींनी तोंड उघडले. येसू खुरप्यांची बायको. हरी खुरप्यांची आई. तिच्या हातचे खाऊन घराणे वाढले. तिच्या मांडवातही बहुधा कळंब पुजला असेल. ओढ्याकाठच्या दगडावरच्या अप्सरांची वस्त्रे कशी कोरली आहेत हे गुरुजी सांगू शकत होते. हिचे नाव त्यांना येत नव्हते.

त्यांनी सयाजीकडे पाहिले. मांडवात टेकलेल्या म्हाताऱ्या चुलतभावांकडे पाहिले. कोणालाही ठाऊक नव्हते. लोणीला बेल हाती धरून आपण सांगितले, की तीन पिढ्या मला ठाऊक आहेत. तेही अर्धेच खरे होते, हे त्यांना आता उमगले.

"ठाऊक नाही," ते म्हणाले. अलीकडे हे वाक्य त्यांना जमू लागले होते.

भटजींचा अक्षतांचा हात अधांतरी राहिला. "नाव अज्ञात असेल तर शास्त्रात सोय आहे, गुरुजी. आपणास ठाऊक आहेच."

"ठाऊक आहे. पण थोडे थांबावे." ते बयाबाईंकडे वळले. त्या मांडवाच्या खांबाशी बसून सुपातले तांदूळ निवडत होत्या. "तुमच्या सासूबाई कधी काही बोलल्या होत्या का? त्यांच्या आजेसासूविषयी?"

"बोलल्या व्हत्या," बयाबाई म्हणाल्या. "लई खाष्ट व्हती म्हणायच्या. नाव न्हाई घेतलं कधी."

मांडवात हशा पिकला. भटजींनी शास्त्रातली सोय वापरून संकल्प सोडला आणि विधी पुढे सरकला.

तांदूळ निवडून झाले तेव्हा बयाबाईंनी प्राचीला हाक मारली. हळदीच्या अंगाने ती येऊन शेजारी टेकली.

"माझं नाव काय गं?" बयाबाईंनी विचारले.

"आजी."

"त्ये नव्हं."

"बयाबाई."

"माहेरचं सोनाबाई. लक्षात ठिव. ह्यांच्या घरात पुरुषांस्नी फकस्त घोड्यावरची माणसं दिसत्यात."

पाटाच्या बाजूला बसलेल्या गुरुजींनी हे ऐकले. लग्नाला इतकी वर्षे झाली होती, आणि सोनाबाई हे नाव कन्यादानाच्या संकल्पानंतर ते आज प्रथमच ऐकत होते. भटजी पुढचा मंत्र म्हणू लागले तरी गुरुजी तोंडातल्या तोंडात ते नाव पुन्हा पुन्हा म्हणत राहिले, पाठशाळेतला पहिल्या दिवसाचा विद्यार्थी म्हणतो तसे, चुकू नये म्हणून.